ट्रॉलीनं ओढलं

"ट्रॉली शेपूट मारते" अशी तक्रार घेऊन माझ्याकडे जो येतो, तो तक्रार ट्रॉलीची करतच नाही, ड्रायव्हरची करतो. "ह्याले चालवता येत नाई, मिस्त्री जी. माह्या हातात बराबर सरळ चालते." मग मी त्यालाच स्टेअरिंगवर बसवतो आणि म्हणतो, एक चक्कर मारून या. परत येतो तेव्हा तोंडातला तंबाखूचा खर्रा थुंकून आधी पाणी मागतो.

सावली गावाच्या रस्त्यावर माझं वेल्डिंगचं दुकान आहे. जन्मभर ट्रॉल्याच केल्या. माझ्या बरोबरीचे लोक गेट आणि ग्रिल करून नावारूपाला आले, मी आपला दांडी, हूक, पिन आणि कडी यांच्यातच राहिलो. आता डोळे वेल्डिंगचा उजेड सोसत नाहीत, म्हणून खुर्ची टाकून बसतो आणि दुसऱ्याच्या कामात खोट काढतो. ह्या अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, तुमच्या धंद्यातलं काही लिहा. मला हसूच आलं. ट्रॉलीवर काय लिहायचं, कप्पाळ! पण लिहायला बसलो आणि एक माणूस डोळ्यांसमोरून हलेना. त्याच्यापर्यंत यायला जरा वेळ लागेल, कारण आधी तुम्हाला ट्रॉली समजली पाहिजे.

आमच्याकडची शेतातली ट्रॉली म्हणजे दोन चाकांवर ठेवलेली लोखंडी पेटी. समोर एक लांब दांडी, दांडीच्या टोकाला कडी. ती कडी ट्रॅक्टरच्या मागच्या हुकात घालायची, वरून पिन टाकायची, झालं. ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नाही, स्टेअरिंग नाही, अक्कल तर नाहीच नाही. ट्रॅक्टर नेईल तिकडे तिनं जायचं. पण ती मुकाट्यानं जावी म्हणून दांडीनं हुकावर चांगलं वजन टाकलेलं असावं लागतं. समोरून दबलेली ट्रॉली शहाण्या गाईसारखी मागे येते. समोरून हलकी झाली की मागचं वजन तिला डावीउजवीकडे झुलवायला लागतं, आणि वेग वाढला की झुलणंही वाढत जातं. त्यालाच आम्ही शेपूट मारणं किंवा लहरणं म्हणतो. मग ड्रायव्हर घाबरून ब्रेक मारतो. तिथे कोणीही ब्रेकच मारेल. ट्रॅक्टर अडतो, ट्रॉली अडत नाही, ती बाजूनं पुढे यायला बघते.

एका ट्रॅक्टरमागे वर्षानुवर्षं गुण्यागोविंदानं चाललेली ट्रॉली दुसऱ्या ट्रॅक्टरमागे असे चाळे करू शकते. ट्रॅक्टर मोठा असला की त्याची चाकं मोठी, हूक उंच. दांडी वर उचलली गेली की पेटीचं तोंड आभाळाकडे आणि आतला माल मागच्या फाळक्याकडे, म्हणजे दाराकडे. लोकांना वाटतं पिन बसली म्हणजे सोयरीक जुळली.

नाटकवाल्यांचीच गोष्ट घ्या. आमच्या झाडीपट्टीत धान निघालं की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईला नाटक लागतं. एका मंडळीची स्टेजच्या सामानाची ट्रॉली होती. पडदे, पाट, पाइप, सिंहासन, सगळं तिच्यात. ट्रॉली त्यांची, पण ट्रॅक्टर ज्या गावात नाटक त्या गावाचा. तिथला रिवाजच तो, गावानं आपला ट्रॅक्टर पाठवून सामान मानानं न्यायचं. म्हणजे त्या बिचारीला सीझनभर दर खेळाला नवं सासर. त्यांचा मॅनेजर येऊन म्हणायचा, "मिस्त्री जी, ट्रॉली लयच नाचून राह्यली." मी म्हणायचो, "नाटकाची ट्रॉली हाय, नाचणारच." तो हसायचा नाही. शेवटी मी दांडीला एक जाड पट्टी लावून दिली, तिला वरखाली भोकं पाडली. ट्रॅक्टर उंच असेल तर कडी वरच्या भोकात, बुटका असेल तर खालच्या. पेटी समतल झाली की निघायचं. मॅनेजर इतका काटेकोर निघाला, की पेटीत पाण्यानं भरलेला स्टीलचा ग्लास ठेवून बघायचा. पुन्हा काही तो माझ्याकडे फिरकला नाही. आमच्या धंद्यात काम चांगलं झालं की गिऱ्हाईक तुटतं.

दुसरा एक पठ्ठ्या होता. ट्रॉली लहरते म्हणून त्यानं मागच्या फाळक्याला लिंबू-मिरची बांधली, जुना जोडा टांगला, तरी लहरते म्हणून माझ्याकडे आला. मी दोन्ही टायरची हवा पाहिली. एक टायर दगडासारखं, दुसरं भाकरीसारखं बसलेलं. हवा सारखी करून दिली. त्यानं घरी जाऊन सांगितलं, जोड्यानं गुण दिला, पण उशिरा.

असे किस्से पुष्कळ आहेत आणि ते मी चहाच्या टपरीवर रंगवून सांगतो. सोमाजीभाऊंचं मात्र आजवर कुठे बोललो नाही. गावाचं नाव लिहीत नाही. माणसांची नावंही बदलली आहेत.

सोमाजीभाऊ माझ्याच वयाचे. घरची धानाची शेती. बायको सुमनबाई, आणि एकुलता एक मुलगा लोमेश. उमेदीत त्यांनी बैलबंडी हाकली. जंगलातला बांबू म्हणू नका, विटा म्हणू नका, मिळेल ते ओझं वाहिलं. पुढे एक लहानसा जुना ट्रॅक्टर घेतला आणि ट्रॉली घेतली. तो ट्रॅक्टर इतका हलका, की धानाच्या बांधीतल्या चिखलातून भरलेली ट्रॉली घेऊन बांधीच्या उंच धुऱ्यावर चढायला लागला की त्याचं तोंड वर उचललं जायचं, पुढची चाकं हवेत. त्यावर आमच्या भागातल्या सगळ्यांनी एकच तोड काढली होती. धानाच्या पोत्यांना आम्ही कट्टे म्हणतो, ते मागे टाकायचे. दांडीवरचा भार कमी झाला की ट्रॅक्टरचं तोंड खाली राहतं. चिखलात, माणसाच्या चालीनं जाताना ते चालूनही जायचं. भरताना सोमाजीभाऊ खळ्यात उभे राहून ओरडायचे, "मांगं टाका, मांगं!" सगळ्या धानपट्ट्यात हे ओरडणं तुम्हाला ऐकू येईल. हाताला एकदा लागलेली सवय ट्रॅक्टर बदलला म्हणून बदलत नाही.

मग त्यांनी मोठा ट्रॅक्टर घेतला. ट्रॉली तीच ठेवली.

नव्या ट्रॅक्टरवरचं ते पहिलंच धान. लोमेश माल घेऊन सावलीला निघाला. सुमनबाईंना बाजार करायचा होता, म्हणून त्या वर कट्ट्यांवर बसल्या. आमच्याकडे अशाच बसतात बाया, त्यात कोणाला वावगं वाटत नाही. नाल्याच्या उतारावर ट्रॉली लहरायला लागली. लोमेशनं ब्रेक मारला. ट्रॉली आडवी झाली आणि उलटली. सुमनबाई कट्ट्यांखाली सापडल्या. लोमेशच्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता, आणि तेच त्याच्या विरोधात गेलं.

घरी बाईंना आणलं तेव्हा अख्खं गाव अंगणात होतं. लोमेश बापाला एवढंच म्हणाला, "बा, ट्रॉलीनं मले ओढलं." सोमाजीभाऊंनी सगळ्यांदेखत त्याच्या मुस्काटात मारली. "ट्रॉली ओढते? ट्रॅक्टर ओढते का ट्रॉली ओढते, बे? पळवत होता म्हण ना!" त्यानंतर लोमेशनं त्या दिवसाबद्दल तोंड उघडलं नाही. तेरवी झाल्यावर तो राजुऱ्याकडे गेला, कोळशाच्या ट्रेलरवर लागला. बाप घरात एकटा. कोणी लोमेशची विचारपूस केली की सोमाजीभाऊ म्हणायचे, "मले पोट्टा नाई." ह्या रस्त्यावर राहणाऱ्या सगळ्यांनी हे ऐकलेलं होतं, तसं मीही ऐकलेलं होतं. मोडलेली ट्रॉली त्यांनी गावातच ठोकून सरळ करून घेतली. माझ्याकडे आणली नाही, आणि मीही आपणहून गेलो नाही.

गेल्या वर्षी धान निघाल्यावर एक दिवस सकाळी त्यांचा ट्रॅक्टर माझ्या दुकानासमोर थांबला. स्टेअरिंगवर स्वतः सोमाजीभाऊ, मागे भरलेली ट्रॉली. उतरले ते ट्रॅक्टरचं चाक धरून तसेच उभे राहिले. मी खुर्ची दिली, पाणी दिलं. पाणी हातातच राहिलं.

"मिस्त्री," ते म्हणाले, "आज मले ओढलं."

मी समोर स्टूल ओढून बसलो.

"मी काई जोरात नव्हतो. हळूच येऊन राह्यलो होतो. तरी नाल्याच्या उतारावर मांगून कोणी ढकलल्यावानी झालं. भेवानं पायच हलला नाई, म्हणून ब्रेक दाबला गेला नाई." मग त्यांनी माझ्याकडे वर पाहिलं. "पोट्टा म्हणत होता, ट्रॉलीनं ओढलं. असं असते का जी? खरं असते का?"

त्या प्रश्नाला मी आजवर हजार वेळा उत्तर दिलं असेल. त्या दिवशी ते सरळ देता येईना. कारण त्यांच्या खांद्यावरून मला ट्रॉली दिसत होती. तोंड वर, आणि कट्टे सगळे मागच्या फाळक्याला रेटून लावलेले, समोरची जागा मोकळी. खरं सांगावं तर लोमेश सुटत होता. पण खरं सांगताना ह्या म्हाताऱ्याला काय सांगायचं? तुमच्या बायकोवर तुम्हीच कट्टे रचले होते, हे?

मी अर्धंच सांगितलं. म्हटलं, "असते, सोमाजीभाऊ. हूक उंच हाय तुमच्या ह्या ट्रॅक्टरचा. जुना बुटका होता, त्याच्या हिशेबाची दांडी हाय. हे असं जोडलं का ट्रॉली लहरतेच. लोमेश काय, कोणीबी असता तरी."

त्यांचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येत नाही. माणूस रडेल की हसेल ते कळेना. "म्हंजे हुकाचंच होतं," ते म्हणाले. "पोट्ट्याचं नव्हतं." पुन्हा म्हणाले, "हुकाचंच." मग पाणी प्यायले.

मला बरं वाटलं. वाटलं, एवढ्यावर निभावलं. हूक खाली घ्यायचा, बोलता बोलता माल पुढे सरकवून घ्यायचा, कशाला ते सांगायचं नाही, आणि बापलेकांना बोलू द्यायचं. लोखंडाच्या माथी दोष मारला की लोखंड काही उलटून बोलत नाही. पण हूक बदलायचा तर आधी ट्रॉली सोडवावी लागते. मी चाकांना दगड लावले, दांडीखाली जॅक ठेवला. सोमाजीभाऊंना चहा सांगायला टपरीवर पाठवायला पाहिजे होतं. पण बरं वाटायला लागलेला माणूस हातभार लावायला उठतोच. ते उठले आणि दांडी धरून उभे राहिले.

पिन खालून ठोकून काढावी लागली. ती निघाली, आणि एवढी भरलेली ट्रॉली, पण जॅकवर भार आलाच नाही. दांडी हुकातून सुटून हळूच वर आली. सोमाजीभाऊंचा हात तिच्यावर होता, तो तिच्याबरोबर छातीपर्यंत वर गेला. त्यांनी ती खाली दाबली. सोडली. ती पुन्हा वर आली.

"हे तं उलार हाय," सोमाजीभाऊ म्हणाले.

उलार हा बंडीचा शब्द. बंडीत मागे ओझं जास्त झालं की जू बैलांच्या मानेवरून वर उचललं जातं आणि गळ्याखालचं जोतं त्यांना आवळतं. बंडीवाल्याच्या घरी लेकरू बोलायला लागलं की हा शब्द शिकतं. ज्या माणसानं उमेदीची सगळी वर्षं बंडी हाकली, त्याला मी काय सांगणार होतो आणि काय लपवणार होतो? ट्रॅक्टर आल्यावर तो शब्द कोणी ट्रॉलीला लावला नव्हता, एवढंच.

ते बराच वेळ दांडी दाबत आणि सोडत राहिले. मग कट्ट्यांकडे बघून म्हणाले, "बैल असते तं थांबले असते. उलार बंडी बैल ओढत नाई, मिस्त्री. मान टाकते अन् उभा राहते." थोड्या वेळानं म्हणाले, "त्या दिवशी म्याच भरलं होतं. पोट्टा म्हणत होता, समोर टाकू का. मी म्हटलं, तुले का समजते, मांगं टाक."

मी म्हटलं, "सोमाजीभाऊ, हुकाचंबी होतं."

"असू द्या," ते म्हणाले. "त्याले फोन लावा. माह्या फोनवरून लावून पाह्याची हिंमत नाई."

लोमेशचा नंबर त्यांना तोंडपाठ होता. मले पोट्टा नाई म्हणणाऱ्या माणसाला पोराचा नंबर तोंडपाठ होता. माझे हात ग्रीसनं भरलेले, म्हणून फोन ट्रॅक्टरच्या मडगार्डवर ठेवून स्पीकर लावला. लोमेशनं उचलला. मी म्हटलं, "लोमेश, मी सावलीवरून मिस्त्री बोलतो. तुझा बा हाय इथी."

"बरे हायत ना?" तो घाबरून म्हणाला.

सोमाजीभाऊ फोनवर वाकले. कसा आहेस नाही, काही नाही. "लोमेश, ट्रॉली उलार होती रे."

पलीकडे गाड्यांचे आवाज येत राहिले. मग तो म्हणाला, "मले माईत हाय, बा."

"कवापासून?"

"इथी लागलो तेवापासून. पहिल्याच दिवशी उस्तादनं सांगतलं, माल मांगं गेला का ट्रेलर शेपूट मारते. तेवाच समजलं."

"मंग बोलला काऊन नाई? मी तुले गावभर बदनाम केलं. तू बोलला काऊन नाई?"

"बोलून का करू, बा?" लोमेश म्हणाला. "माह्यावर राग होता म्हणून तं तुमी सकाळी उठत होते, कामाले लागत होते. हे माईत झालं असतं तं तुमी झोपूनच राह्यले असते. एक तं गेलीच होती."

सोमाजीभाऊंनी डोक्याचा दुपट्टा काढून तोंडात कोंबला. तसा आवाज मी त्याआधी माणसाच्या गळ्यातून ऐकला नव्हता, आणि परत ऐकू नये असं वाटतं. मी दुकानातलं ग्राइंडर बंद करायला गेलो. ते बंदच होतं. मागून लोमेश एकसारखा म्हणत होता, "बा, फोन नोका ठेवू. बा. मी येऊन राह्यलो. ट्रॅक्टरले हात नोका लावू, मी येतो."

तो दुपारी मोटारसायकलनं आला. तोवर मी हूक खाली घेतला होता, कडी झिजून गेली होती ती बदलली होती, टायर पाहिले होते. बापाच्या पाया पडला आणि लगेच ट्रॉलीवर चढला. दोघांनी मिळून कट्टे सरकवले. सोमाजीभाऊ खालून एकेक कट्टा पुढे ढकलत होते आणि प्रत्येक वेळी विचारत होते, "इथी? इथी ठेवू?" लोमेश म्हणत होता, "हव बा, इथीच." दोघंही एवढंच बोलत होते. मग मी दांडी तपासली. मला आणि लोमेशला मिळून ती तसूभरही उचलता आली नाही.

बाजाराची वेळ निघून गेली होती, म्हणून माल घरीच परत न्यायचा होता. निघताना लोमेशनं बापाला ट्रॅक्टरवर, मडगार्डपाशी बसायला सांगितलं. सोमाजीभाऊ नाही म्हणाले. "तू चालव. मी मांगून येतो." मी म्हटलं, अहो, गाव किती लांब आहे, लोमेशची मोटारसायकल आहे, तिच्यावर मी सोडतो. ते ऐकायला तयार नव्हते. "मले पाहू द्या," म्हणाले. "कशी चालते ते मले पाहू द्या."

लोमेशनं ट्रॅक्टर पहिल्या गियरमध्ये टाकला. सोमाजीभाऊ ट्रॉलीच्या मागे, फाळक्यावर नजर ठेवून, पायी निघाले. आता, माणसाच्या चालीनं जाणारी ट्रॉली लहरतच नसते. कशीही भरा, कुठेही जोडा, त्या चालीला ती सरळच जाते. त्यात पाहण्यासारखं काही नव्हतं, आणि ट्रेलरवर काम करणाऱ्या लोमेशला ते माझ्याइतकंच माहीत होतं. मी रस्त्यावर उभा राहून ऐकत होतो, ट्रॅक्टरचा आवाज कधी बदलतो ते. वळणाआड जाईपर्यंत त्यानं गियर बदलला नाही.